बेटांच्या नावाची माणसं

हमदान गुरुजींचा आवाज कधी चढत नसे. अल्जीयर्सच्या जुन्या वस्तीच्या पायथ्याशी त्यांची शाळा होती. बाकीच्या वर्गांतून पट्टीचे आवाज यायचे, रडारड ऐकू यायची. गुरुजींच्या वर्गातून हसण्याचे आवाज यायचे. कुणाचं उत्तर चुकलं तर ते म्हणायचे, "बरं, हेच बरोबर आहे असं धरून चालू. बघू कुठं जाऊन आपटतो ते." मग ते पोर स्वतःच जाऊन आपटायचं, स्वतःच हसायचं आणि स्वतःच दुरुस्त करायचं. मुलाला उत्तर देऊ नये, त्याला बघायला लावावं, एवढंच आपण छत्तीस वर्षांत शिकलो, असं ते नव्या शिक्षकांना सांगत.

वर्षातला एक धडा ते खास हौसेनं शिकवत. तो पुस्तकात नव्हता. देश स्वतंत्र झाला त्या शरदात त्यांनी तो सुरू केला आणि हे त्याचं दहावं वर्ष. स्वातंत्र्याची लढाई सुरू झाली त्या दिवसाची, एक नोव्हेंबरची सुट्टी संपली की दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग शाळेच्या गच्चीवर जायचा. खाली बंदर, पांढऱ्या कमानींचा रस्ता, त्यापलीकडे समुद्र.

"आपण कोण?" गुरुजी विचारत.

"जझाइरी," चाळीस गळे एकदम.

"म्हणजे काय रे? लमीन, तू सांग."

"म्हणजे... आपण."

"वा. तू आणि तुझी आजी. पण शब्दाचा अर्थ काय?"

मग ते सांगत. हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर बेनी मझगन्ना नावाची जमात राहत होती. समोर पाण्यात चार चिमुकली बेटं. इतकी चिमुकली, की एकावर आपली शाळासुद्धा मावली नसती. येणारे-जाणारे खलाशी म्हणत, चला, मझगन्नांच्या बेटांपाशी नांगर टाकू. बेटं म्हणजे अल-जझाइर. पुढं किनाऱ्यावर शहर वसलं, त्याला बेटांचं नाव पडलं. शहरावरून देशाला पडलं, देशावरून माणसांना. फ्रेंचांच्या अमलात इथले गोरे वसाहतवाले स्वतःला अल्जीरियन, म्हणजे जझाइरी, म्हणवून घ्यायचे. आपण कोण, तर 'इथले मूळचे', नाहीतर नुसते 'मुसलमान'. आपलंच नाव आपल्याला परत मिळायला साडेसात वर्षांची लढाई लागली. इथपर्यंत आलं की पोरं चिडीचूप व्हायची.

शेवटी ते हात लांब करून उत्तरेकडे दाखवत. तिकडं किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तीन काळे खडक पाण्यातून डोकं काढून होते.

"ती बघा. आपली बेटं."

गुरुजींच्या वडिलांनी लहानपणी घराच्या गच्चीवरून त्यांना तेच खडक दाखवले होते. वडिलांना त्यांच्या वडिलांनी. सात पिढ्यांचं शहरी घराणं. त्यांनी कुणाला विचारायला जावं असं काही नव्हतंच. मुलं खाली येऊन वहीत तीन खडक काढत, लाटा काढत, एखादं पोर वर झेंडाही रोवून द्यायचं.

त्या वर्षी मात्र मागच्या रांगेतून एक हात वर आला.

"गुरुजी, चार होती म्हणालात. हे तीन आहेत."

मबारका. दक्षिणेतल्या वाळवंटातून, वारग्लाकडून, गेल्या वर्षी अर्ध्यातच आलेली मुलगी. बोलताना तिचे सूर वेगळे लागायचे म्हणून पोरं तिला 'वाळूबाई' म्हणायची. ती फारशी बोलत नसे, पण बोलली की मोजून बोलायची.

"एक बुडालं," गुरुजी म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं होतं आणि म्हणताना त्यांना काहीच वाटलं नाही.

"आणि ते खडक नाहीतच, गुरुजी. बेटं तिकडं आहेत." तिनं थेट खाली बंदराकडं बोट केलं. तिथं दगडी धक्का समुद्रात शिरला होता आणि त्याच्या टोकाशी जुना दीपस्तंभ उभा होता. "धक्क्याच्या खाली. दगड टाकून टाकून ती जमिनीला जोडली. बाबा तिथंच काम करतात, ढासळलेले दगड बसवायचं. मला एकदा नेलं होतं. आम्ही बेटांवरून चालत गेलो."

सगळ्यांनी आधी धक्क्याकडं पाहिलं, मग गुरुजींकडं.

अशा वेळी हमदान गुरुजी एरवी काय म्हणाले असते, ते वर्गातल्या कुणालाही सांगता आलं असतं. 'बरं, असं धरून चालू.' त्यांच्या ओठांवर ते आलंही असावं. पण त्या चाळीस माना त्यांच्याकडं वळलेल्या होत्या. मझगन्नांची बेटं आणि ही कुठली वारग्लाची पोर. तिनं समुद्र पाहून वर्ष झालेलं नाही.

"ऐका," ते हसत म्हणाले, "आता उंट आपल्याला समुद्र शिकवणार."

गच्ची हसण्यानं भरून गेली. लमीननं मान पुढं काढून उंटाची चाल करून दाखवली. गुरुजी स्वतःही हसत होते. मबारकाचं बोट अजून धक्क्याकडं होतं. ते तिनं हळूच खाली घेतलं, दुसऱ्या हातात धरून ठेवलं.

वर्गात सगळ्यांनी तीन खडक काढले. मबारकानं धक्का काढला आणि त्याच्या पोटात चार गोल. वह्या तपासताना गुरुजींनी त्या चित्रावरून लाल पेन्सिल फिरवली आणि खाली लिहिलं, 'चूक'.

*

रमजानचे दिवस होते. शाळा लवकर सुटायची. रोजा सुटायला दोन-तीन तास अवकाश होता आणि एरवी गुरुजी त्या वेळेत घरी जाऊन पडत. त्या दिवशी त्यांचे पाय मासळी बाजाराकडं वळले. तिथं कद्दूरचाचा जाळी दुरुस्त करत बसायचे. ऐंशीला टेकलेले, दात नसलेले, बायकोच्या नात्यातले.

गुरुजींनी इकडचं तिकडचं विचारलं. सार्डिन किती मिळाली, गुडघे कसे आहेत. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "चाचा, ती जुनी चार बेटं. कुठलं कुठं होतं, तुम्हाला माहीत असेल ना नक्की?"

चाचांनी जाळ्यातून मान वर काढली.

"सात पिढ्यांचे शहरी तुम्ही. आणि बेटं मला विचारता?"

"पोरांना नीट सांगावं म्हणून."

"अहो, त्यांच्यावरून तर रोज ट्रक जातात." चाचांनी जाळ्याची सुई धक्क्याकडं केली. "स्पॅनिश लोकांनी एका बेटावर किल्ला बांधला होता, शहराच्या नाकासमोर. दर्यासारंग खैरुद्दीननं तो पाडला आणि त्याच दगडांनी बेटं एकमेकांना आणि किनाऱ्याला जोडून टाकली. चारशे वर्षं झाली. दीपस्तंभ उभा आहे ना, तिथं तो किल्ला होता."

"आणि उत्तरेचे ते तीन खडक?"

"ते होय? ते बगळ्यांना शिटायला आहेत." चाचा बोळक्या तोंडानं हसले. "का? ती बेटं म्हणून शिकवता की काय?"

"छे," गुरुजी म्हणाले.

घरी येताना त्यांनी मनाशी ठरवलं. उद्या सकाळी पहिली गोष्ट हीच. वर्गासमोर उभं राहायचं, मबारकाला पुढं बोलवायचं आणि म्हणायचं, मी चुकलो, ही बरोबर होती. त्यांना जरा बरंही वाटू लागलं. असा प्रसंग म्हणजे सुद्धा एक धडाच झाला. पोरं जन्मभर विसरणार नाहीत. घरापर्यंत येईतो त्यांनी वाक्यं सुद्धा जुळवून ठेवली होती.

*

सकाळी शाळेच्या फाटकाशी एक माणूस उभा होता. उंच, काळासावळा, अंगात बंदरातल्या मजुरांचा निळा सदरा, डोक्याचा फेटा काढून हातात घेतलेला. पायाशी खजुराची लाकडी पेटी. शेजारी मबारका, मान खाली. मुख्याध्यापक त्यांच्याशी बोलत उभे होते.

"हे बलखैर. मबारकाचे वडील," मुख्याध्यापक म्हणाले. "तुमच्यासाठीच थांबलेत."

बलखैरनं गुरुजींचा हात दोन्ही हातांत घेतला. ते हात इतके खरबरीत होते, की गुरुजींना आपला हात एखाद्या मुलाच्या हातासारखा मऊ वाटला.

"गुरुजी, मला काल कळलं. शेजारच्या पोरानं सांगितलं. पोरगी तुम्हाला उलटून बोलली. सगळ्यांच्या देखत." तो थांबला. "आम्ही वाळवंटातली माणसं. शहराची रीत अजून अंगवळणी पडली नाही. पण शिकवणाऱ्याला खोटं पाडायचं, हे आमच्याकडंही नाही. मी तिला समज दिली आहे. चांगली दिली आहे."

मबारकाच्या डाव्या गालावर किंचित सूज होती.

गुरुजींच्या जिभेवर ते जुळवलेलं वाक्य तयार होतं. 'बलखैर, मुलगी बरोबर होती.' पाच शब्दसुद्धा नाहीत. पण मुख्याध्यापक बाजूला उभे राहून कौतुकानं मान हलवत होते. आणि आता ते वाक्य म्हणायचं, तर ज्या गोष्टीबद्दल या माणसानं आपल्या पोरीला मारलं ती गोष्टच नव्हती, हेही म्हणावं लागणार होतं. त्या खरबरीत हातांनी आणलेली पेटी त्यांच्या पायाशी होती.

"लहान आहे," गुरुजी म्हणाले. "मी केव्हाच माफ केलं."

बलखैरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "देव तुमचं भलं करो. भावाच्या झाडांचे आहेत, याच मोसमाचे. रोजा सोडायला होतील."

गुरुजींनी पेटी घेतली.

वर्गात गेल्यावर मबारका कुणी न सांगता उठून उभी राहिली. घरून पढवलेलं होतं. "गुरुजी, मी चुकले," ती म्हणाली. पुढच्या बाकावरून लमीननं ओठ पुढं काढले, एकदोघं फिसकन हसली.

"बस," गुरुजी म्हणाले. एवढंच.

दुपारी त्यांनी तिची वही पाहिली. धक्का खोडून काढला होता. रबर इतकं घासलं होतं की कागद पातळ होऊन पलीकडचं पान दिसत होतं, आणि त्या पातळ जागेवर तिनं तीन खडक काढले होते. सुबक काढले होते.

*

त्या रमजानात गुरुजींच्या घरी रोजा त्या खजुरांवर सुटायचा. सूर्यास्ताची तोफ झाली की त्यांची बायको बाया ताटली पुढं करायची, दुधाचा पेला भरायची.

"काय मधासारखे आहेत," ती रोज म्हणायची. "असे बाजारात पैसे देऊनही मिळत नाहीत. किती माया असेल त्या माणसाची तुमच्यावर."

गुरुजी एक खजूर उचलायचे. उपाशी पोटी तो गोडवा इतका चढायचा की डोळे मिटायचे, आणि डोळे मिटले की गालाची ती सूज दिसायची. चार दिवसांनी त्यांनी खजूर सोडून पाणी घेतलं. बायानं कारण विचारलं, ते म्हणाले पित्त झालंय.

वर्गात मबारका शांत बसायची. आता तिचा हात वर येत नसे. एकदा गुरुजींनी मुद्दामच तिला फळ्यापाशी बोलावलं. सोपा हिशेब होता: सात पोती, प्रत्येकात बारा किलो गहू. तिनं बरोबर उत्तर लिहिलं, चौऱ्याऐंशी. तिला खुलवायचं म्हणून गुरुजींनी आपली जुनी युक्ती केली. भुवया उंचावून विचारलं, "नक्की? मला वाटतं शहाऐंशी."

त्यांच्या वर्गातलं कुठलंही पोर या जागी ओरडलं असतं, 'नाही हो गुरुजी, मोजून बघा.' हा खेळ सगळ्यांच्या ओळखीचा होता.

मबारकानं फळ्याकडं पाहिलं. ओल्या फडक्यानं चार पुसला, तिथं सहा लिहिला.

"अगं, बारा साते किती?"

"तुम्ही म्हणाल तसं, गुरुजी," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिनं खरोखरच तसं ठरवून टाकलं होतं. गुरुजी खडू घेऊन उभे राहिले. छत्तीस वर्षांत त्यांनी हजारो पोरांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं, आणि हिला डोळे झाकायला शिकवलं होतं. एका दिवसात. बाकीची पोरं 'चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी' ओरडत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी बायाला सांगितलं. सगळं नाही. एका मुलीला वर्गात टाकून बोललो, आणि चूक तिची नव्हती, एवढंच.

बाया भाजीत चमचा फिरवत होती. "एवढंच ना? अहो, ईद आठवड्यावर आली. त्यांच्या घरी जाऊन या. ईदच्या सकाळी सगळेच सगळ्यांना माफ करतात. कशाबद्दल, ते कोण विचारतं? मी दरवर्षी तुमच्या बहिणीला माफ करते ती कशाबद्दल करते, ते तिलाही माहीत नाही."

गुरुजींना हसू आलं. ते खरंच होतं. ईदला शहरभर तेच चालायचं. दारोदार जायचं, गळाभेट घ्यायची, 'माफ करा' म्हणायचं. समोरचा म्हणणार, 'माफ, माफ, देव आपल्या दोघांनाही माफ करो.' भांडलेले भाऊ, वर्षभर न बोललेल्या जावा, सगळं त्या दोन शब्दांत मिटायचं. कुणी यादी वाचायला बसत नसे. रीत चांगलीच होती. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

*

ईदच्या सकाळी नमाज झाली आणि गुरुजी टेकडी चढू लागले. पांढरा झगा, हातात बायानं बांधून दिलेला मकरूत मिठाईचा डबा. बलखैरचं घर वरच्या पत्र्याच्या वस्तीत होतं. वाटेत ओळखीची पोरं नव्या कपड्यांत भेटत होती, हाताचं चुंबन घेत होती, "ईद मुबारक गुरुजी" म्हणत होती. ते सगळ्यांना माफ करत चढले.

बलखैरनं त्यांना दारात पाहिलं आणि तो गडबडून गेला. गुरुजी आपल्या दारात. त्यानं आतल्या दोघा पाहुण्यांना उठवून भिंतीशी सरकवलं. ते त्याच्याच टोळीतले, धक्क्यावर काम करणारे. गुरुजींना गादीवर बसवलं. त्याच्या बायकोनं, खदीजानं, पडद्याआडून कॉफीची किटली पाठवली.

"माफ करा, बलखैर," गळाभेट घेताना गुरुजी त्याच्या खांद्यात म्हणाले.

"माफ, माफ, गुरुजी. तुम्हीच आम्हाला करा. देव दोघांनाही करो."

झालं. खरंच एवढंच होतं. गुरुजींनी कॉफीचा घोट घेतला. गरम होती, चांगली होती. एक पाहुणा गुरुजींना सांगू लागला, त्याचा मुलगा पुढल्या वर्षी शाळेत घालायचाय, तुमच्याच वर्गात यावा अशी इच्छा आहे.

"मबारका, ये. गुरुजींना सलाम कर," बलखैरनं हाक मारली.

ती आली. हिरवा झगा, हातांवर मेंदी. तिनं गुरुजींचा हात धरून ओठांना लावला.

"ईद मुबारक, बेटा," गुरुजी म्हणाले. आणि मग, आलोच आहोत तर, म्हणून: "मलाही माफ कर."

मोठी माणसं हसली. एवढ्या मोठ्या माणसानं पोरीकडं माफी मागावी, याचं कौतुक होतं ते. बलखैर म्हणाला, "म्हण, माफ."

मबारकानं गुरुजींकडं पाहिलं. त्या दिवशी फळ्यापाशी पाहिलं होतं त्यापेक्षा वेगळं पाहिलं. "कशाबद्दल?" तिनं विचारलं.

"मबारका," बाप दटावून म्हणाला. "ईदला असं विचारत नाहीत."

"सगळ्याबद्दल," गुरुजी घाईनं म्हणाले. "ईद आहे ना."

तिनं मान हलवली. "माफ," ती म्हणाली आणि पडद्याआड गेली.

गुरुजींनी कॉफी संपवली, निरोप घेतला, उतरणीला लागले. पंधरावीस पावलं गेले असतील. वळणावर एका भिंतीशी त्यांना थांबावं लागलं. दम लागला नव्हता. समोर खाली सगळं बंदर पसरलं होतं, आणि उन्हात धक्का स्वच्छ दिसत होता, दगड न् दगड वेगळा. त्यांनी तिकडं पाहिलं आणि त्यांचे कान तापले. पोरीनं साधा प्रश्न विचारला होता. ते शिकवत होते तसाच प्रश्न. आणि त्यांनी तिला पुन्हा एकदा 'चूक' लिहून दिलं होतं.

ते माघारी वळले.

बलखैरला वाटलं काही विसरलं. तो गादीखाली शोधायला वाकला.

"बसा, बलखैर. मबारकालाही बोलवा. तिची आईही ऐकू दे." गुरुजी दारातच उभे राहिले. "मी मघाशी कशाबद्दल माफी मागितली, ते सांगायचं राहिलं."

"अहो गुरुजी, झालं ते..."

"झालं नाही. ऐका. बेटं धक्क्याखाली आहेत. ती बरोबर होती. मी तिला उंट म्हणालो, सगळ्या वर्गाला तिच्यावर हसवलं."

बलखैरच्या टोळीतल्या एकानं, म्हाताऱ्यानं, सावकाश मान हलवली. "मीच सांगितलं होतं तिला," तो पुटपुटला. "म्हटलं, बघ, तुझ्या पायाखाली काय आहे."

"अजून आहे," गुरुजी म्हणाले. त्यांना वाटलं होतं इथवर आलं की सोपं जाईल; ते आणखी अवघड झालं. "ती बरोबर आहे, हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलात. फाटकाशी उभे राहून तुम्ही माझी माफी मागितलीत, तेव्हा मला माहीत होतं. तिचा गाल मी पाहिला होता. मी तुमचे खजूर घेतले आणि गप्प राहिलो."

बाहेर पोरं फटाके उडवत होती. बलखैरनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं, तो हात मांडीखाली दाबून धरला.

"मी हिला मारलं, गुरुजी," तो म्हणाला. "त्या रात्री ती सांगत होती, बाबा, तुम्हीच तर नेलं होतं मला. मी म्हटलं, गुरुजींपेक्षा तुला जास्त कळतं का. मी स्वतः तिथं दगड बसवतो. तरी म्हटलं."

'माफ करा' हे शब्द त्या सकाळी त्यांनी शंभरदा वापरले होते, आणि आता तोंडात आणायची त्यांना लाज वाटली.

"मी आता काय म्हणू?" बलखैरनं विचारलं. तो रागावला नव्हता, खरंच विचारत होता. "पोरीलाच विचारा. तिचं आहे ते."

मबारका पडद्याशी उभी होती. तिनं आधी बापाकडं पाहिलं, मग गुरुजींकडं.

"वर्गात सांगाल?"

"सांगेन."

"सगळं? खजुराचंसुद्धा?"

"खजुराचंसुद्धा."

"मग तेव्हा बघू," ती म्हणाली. आईनं पडद्याआडून "अगं" म्हटलं, पण मबारकानं मघाशी दिलेली माफी परत घेतली होती आणि ती खोलीतल्या कुणीही तिच्याकडून पुन्हा मागितली नाही. बलखैरनं दारापर्यंत पोचवलं. या वेळी गळाभेट झाली नाही.

*

सुट्टीनंतर वर्ग भरला. गुरुजी खुर्चीवर बसले नाहीत, फळ्याला पाठ लावून उभे राहिले. वाक्यं जुळवून आणली नव्हती. जसं आठवलं तसं सांगितलं: खडक, उंट, लाल पेन्सिल, कद्दूरचाचा, फाटकाशी उभा असलेला बाप, पेटी. मुलांना त्यांचं अडखळणं कळत होतं. सुरुवातीला कुणीतरी खुसखुसलं, मग ते थांबलं. गालाच्या सुजेपाशी आल्यावर पहिल्या रांगेतल्या मुलांनी बाकाकडं बघायला सुरुवात केली. आपल्या गुरुजींकडं बघवत नाही, असं त्या वर्गात पहिल्यांदाच होत होतं, आणि गुरुजींना ते दिसत होतं.

"दहा वर्षं मी हे खोटं शिकवलं," ते म्हणाले. "तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं. गेले अठरा दिवस माहीत होतं."

मग लमीननं हळूच म्हटलं, "माझ्या मोठ्या भावानंही तेच खडक काढलेत, गुरुजी. फ्रेम करून लावलेत आजीनं."

"त्याला सांग. आजीलाही सांग. मी येऊन सांगतो पाहिजे तर."

"मग बेटं नक्की कुठं आहेत?" लमीन विचारत होता, पण तो गुरुजींकडं बघत नव्हता. तो मागं वळून मबारकाकडं बघत होता. "मला कळलं नाही. जोडली म्हणजे कशी जोडली?"

गुरुजींनी सवयीनं खडू उचलला, तोंड उघडलं. पण मबारका आधीच बाकावर पुढं झुकली होती. तिनं बोट थुंकीनं ओलं केलं आणि लमीनच्या बाकावर रेघ ओढली. "ही जमीन. हे एक, हे दोन, ही दोन जवळजवळ आहेत. आता इथनं दगड टाकत यायचं..."

"किती मोठे दगड?"

"तुझ्याएवढे. काही गुरुजींएवढे."

दोघंतिघं जागा सोडून तिच्या बाकाभोवती जमली. मग आणखी. तिनं एकदाही फळ्याकडं पाहिलं नाही. माफ केलं की नाही ते ती बोलली नाही, आणि गुरुजींनी विचारलं नाही. हातातला खडू त्यांनी खाली ठेवला, आणि गर्दीच्या मागं, टाचा उंचावून, ते ऐकत उभे राहिले.